वरची बाग विकायची नाही, एवढं आधी वाच

अरे बाबू,

काल रात्री तुझ्या बाबांचा फोन आला होता, तू झोपला होतास बहुतेक. पाऊण तास बोलत होते. आंब्यावरचा थ्रिप्स, मुंबईचा भाव, सगळं झालं आणि मग हळूच मेन गोष्ट काढली, की युरोपातल्या एका टीमचा मेल आलाय, फॉर्म्युला रीजनल या कार रेसिंगच्या मालिकेत गाडी चालवायची जागा म्हणजे सीट आहे, महिन्याभरात पहिला हप्ता भरायचाय आणि त्यासाठी पावस गावची वरची आंब्याची बाग विकायला काढायचं चाललंय. हे तू मला सांगितलं नाहीस. का नाही तेही कळतं, मी नको म्हणणार हे तुला माहीत होतं. तर मी नकोच म्हणतोय, आणि लिहून पाठवतोय कारण फोनवर तू नुसतं "हो काका, हो काका" करून ठेवून देतोस.

आत्तापर्यंत काय चालवलंयस ते आधी बघू. कोल्हापूरला कार्ट (ती छोटी रेसिंगची गाडी), मग कोइम्बतूरला करी स्पीडवेवर एलजीबी फॉर्म्युला फोरचा एक सीझन, त्यात एकदा पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत. चांगलंय, मला आनंदच आहे. पण गावात सगळे "आमचा पोरगा एफ-फोर चालवतो" म्हणून सांगत सुटलेत ना, तिथे घोळ आहे. नाव सारखं असलं तरी एलजीबी फोर ही एफआयएची, म्हणजे मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेची, एफ-फोर नव्हे. तिला विंग (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे पंख) नाहीत आणि सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याचे, पॉइंटही नाहीत. एफआयएवाली एफ-फोर आपल्याकडे २०२३ ला सुरू झाली, ती तू अजून चालवलेलीच नाहीस. आणि मेल आलाय त्याच्याही वरच्या गाडीचा, २७० हॉर्सपॉवरच्या आसपास. एफ-फोर, रीजनल, एफ-थ्री, एफ-टू आणि मग एफ-वन अशा पायऱ्या आहेत, म्हणजे एक अख्खी पायरी तू गाळतोयस.

आता पॉइंटचं गणित, कारण बाबांना ते कोणीतरी अर्धवट सांगितलंय. फॉर्म्युला वनचं लायसन्स हवं तर तीन सीझनमध्ये मिळून ४० पॉइंट लागतात. एफ-फोर जिंकली तर १२, युरोपातली फॉर्म्युला रीजनल जिंकली तर २५, एफ-थ्री जिंकली तर ३०, आणि एफ-टूमध्ये पहिल्या तिघांत आलास तर पूर्ण ४०. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे तीन वर्षं ओळीने एफ-फोर जिंकत राहिलास तरी चार कमीच पडतात. तेव्हा वर जायला लागणारच, ते मी नाकारत नाहीये. पण पॉइंट जिंकणाऱ्याला आणि त्याच्या मागच्या थोड्या जणांना मिळतात, नुसती सीट विकत घेणाऱ्याला नाही. तू बाग विकून विसाव्या नंबरावर आलास तर हातात काय? ना बाग ना पॉइंट. आणि तू १६ चा आहेस, सुपर लायसन्स १८ च्या आधी सहसा देतच नाहीत, मग घाई नक्की कोणाला झालीय? त्या टीमला. त्यांची सीट रिकामी आहे.

बाबा म्हणाले तो इटलीचा ड्रायव्हर अँटोनेली बघा, एफ-थ्री न करताच वर गेला की. गेला, खरंय. पण त्याने २०२२ ला इटलीची आणि जर्मनीची दोन्ही एफ-फोर जिंकल्या, २०२३ ला रीजनल जिंकली, मग २०२४ ला एफ-टू आणि २०२५ ला थेट एफ-वनच्या मर्सिडीज टीममध्ये. शिवाय पाठीशी मर्सिडीज कार्टिंगपासून होती आणि बापाची स्वतःची रेसिंग टीम. त्याने एफ-थ्री गाळली, एफ-फोर नाही गाळली, हे कोणी बोलत नाही. उलट ऑस्ट्रेलियाचा पियास्त्री बघ, २०१९ ते २०२१ तीन वर्षं तीन चॅम्पियनशिप ओळीने जिंकला आणि तरी २०२२ ला एफ-वनमध्ये राखीव ड्रायव्हर म्हणून बसून होता. ड्रुगोविच २०२२ चा एफ-टू चॅम्पियन, त्याला एफ-वनची सीटच नाही मिळाली. आपला जेहान दारूवाला मुंबईचा, २०१९ ला एफ-थ्रीत तिसरा, रेड बुल या एफ-वन टीमचा ज्युनियर ड्रायव्हर, एफ-टूमध्ये रेस जिंकलेला, तोसुद्धा एफ-वनच्या ग्रिडवर कधी उभा राहिला नाही. हे तुला घाबरवायला नाही सांगत. एवढं चांगलं चालवणाऱ्यांचं हे होतं, तर पुढच्या दोन सीझनचे पैसे कुठून येणार हे माहीत नसताना पहिला सीझन सुरू करायचा नसतो. कारण एफ-थ्रीच्या एका सीझनचा खर्च दहा कोटींच्या घरात जातो, तेव्हा खालची बागही पुरणार नाही.

गंमत म्हणजे तुझ्या बाबांना हे मी शिकवायची गरजच नाही. कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं मोहर आला तरी ते स्वतःच्या हाताने खुडून टाकतात, झाड आधी भरू दे म्हणून. मी काल तेच म्हटलं तर गप्प बसले. रागावले असतील थोडे.

तर माझं म्हणणं, एक वर्ष इथली एफ-फोर. आणि त्या वर्षात शिकायचं काय, तर पहिली गोष्ट ब्रेक. तू बिनविंगच्या गाडीत शिकलायस, तिथे ब्रेक अलगद धरतोस, तुझे व्हिडिओ बघितलेत मी. विंगवाल्या गाडीत उलटं. स्पीड जास्त तेव्हा हवा गाडीला खाली दाबते, म्हणजे ग्रिप सगळ्यात जास्त अगदी सुरुवातीलाच असते, तिथे पाय पूर्ण जोराने घालायचा आणि स्पीड उतरेल तसा सोडत सोडत वळणात शिरायचं. उशिरा जोर वाढवलास की चाक लॉक. हे डोक्याला पटतं पण पायाला पटायला महिने जातात. दुसऱ्याच्या मागे चिकटलास की पुढच्या विंगला स्वच्छ हवा मिळत नाही, गाडी वळायचं नाव घेत नाही, तेव्हा अर्धी गाडी बाजूला काढायची. हे सिम्युलेटरवर थोडं येतं (लाईट असेल तेव्हा), पण पोटात जे जाणवतं ते गाडीतच.

दुसरं पाऊस. तुला वाटतं कोकणातला म्हणून पावसात तू आपोआप भारी. थांब. आपल्या पाखाडीवर, त्या दगडी पायवाटेवर, पावसात कसं चालतोस? मधून, जिथे पायांनी घासून दगड खरखरीत झालाय, कडेला शेवाळ. ट्रॅकवर बरोब्बर उलटं असतं. रोजच्या लाईनवर, म्हणजे सगळे ज्या वाटेने गाडी नेतात तिथे, टायरचं रबर बसलेलं असतं आणि ते ओलं झालं की तेलासारखं होतं, म्हणून पावसात लाईन सोडून बाहेरून ग्रिप शोधत जायचं, पांढऱ्या पट्ट्यांना आणि वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बला शिवायचंसुद्धा नाही. म्हणजे सवय मोडायचीय तुला.

आणि हातखंब्याच्या उतारावर, आंबा घाटात "प्रॅक्टिस" केल्याचं परत कानावर आलं तर मी स्वतः येऊन किल्ली काढून घेईन. रस्त्यावर रेसिंगचं काहीही शिकता येत नाही, समोरून फक्त एसटी येते.

अंगाचं जास्त सांगत नाही. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं, अगदी एफ-टूपर्यंत, म्हणून हात-खांदे भक्कम लागतात. जिम परवडत नाही म्हणून रडू नकोस, मामाची होडी आहे, भरतीच्या उलट वल्हव रोज.

तिसरी गोष्ट मला सांगायला जड जाते. नव्वदच्या दशकात मी फॉर्म्युला मारुती चालवायचो श्रीपेरंबुदूरला, मारुती ८०० चं इंजिन, करिवर्धनांनी बनवलेली गाडी. एकदा पहिल्याच लॅपला थंड टायरवर लवकर थ्रॉटल दिला आणि फिरलो, सरळ मातीत. पिटमध्ये येऊन म्हटलं, मागचा टायर गेला होता. तेव्हा डेटा-बिटा काही नव्हतं, सगळ्यांनी मान डोलावली. मेकॅनिक बिचारा रात्रभर मागचं सस्पेन्शन उघडून बसला नसलेला फॉल्ट शोधत. पुढच्या रेसला परत तेच झालं, परत मी काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा गाडी खरंच बिघडली होती, पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि पुढच्या वर्षी गाडी दुसऱ्याला दिली. बरोबरच केलं त्यांनी. आता गॅरेजमध्ये बसून लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकतो तेव्हा तो मेकॅनिक आठवतो मला.

तुला तर लपायला जागाच नाही. एफ-फोरमध्ये सगळ्यांची गाडी सारखी, इंजिनिअर तुझ्या डेटाची रेघ टीममेटच्या रेघेवर ठेवतो आणि तू कुठे पाय उचललास ते दिसतं. त्याने विचारायच्या आधी तू सांग, तिसऱ्या वळणात मी घाबरलो म्हणून. अशा पोराला टीम परत बोलावते, कधीकधी पैसे कमी घेऊनसुद्धा. गेल्या महिन्यात तू मला म्हणालास गिअर अडकला होता. अडकला नव्हता ना?

रविवारी येतोय मी. तो मेल आणि काँट्रॅक्टचा कागद प्रिंट काढून ठेव, अपघातात गाडीचं नुकसान कोणी भरायचं आणि मध्येच सीट सोडली तर पैसे परत मिळतात का, ते वाचायचंय, रत्नागिरीतल्या माझ्या ओळखीच्या वकिलालाही दाखवू. तोपर्यंत सही करायची नाही, बाबांनाही करू देऊ नकोस. आईला सांग मासे आणू नको, मीच बंदरावरून घेऊन येतो.

तुझा काका