फॅक्टरीला मासा कुठून आणणार?

प्रिय दोस्ता,

तुझा मेल आणि प्रोजेक्टचा आराखडा दोन्ही वाचले. गरीब देशांनी कच्चा मासा विकणं सोडून त्यावर प्रक्रिया करून विकला की किनारपट्टी सुधारेल, असं तुझं म्हणणं. कागदावर बरोबरच आहे, आणि म्हणूनच प्रत्येक सरकार आणि प्रत्येक मदत देणारी संस्था कितीतरी वर्षं हेच करत आलीय. पण तुझ्या एक्सेलमध्ये मशीन आहे, मजूर आहेत, एक्सपोर्टचा भाव आहे, फक्त मासा कुठून येणार ते कुठेच नाही!

धान्याचा भाव वाढला तर शेतकरी जास्त पेरतो. समुद्रात भाव वाढला की बोटी वाढतात, मासा तेवढाच राहतो. स्कॉट गॉर्डन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1954 मध्येच हे मांडलं होतं, की ज्या पाण्यात कुणीही जाळं टाकू शकतो तिथे नफा दिसतोय तोवर नवीन बोटी येतच राहतात आणि शेवटी सगळा नफा डिझेल, इंजिन आणि जाळ्यांत जिरून जातो. 2009 मध्ये वर्ल्ड बँक आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) यांनी हिशोब मांडला तर जगभरात असे वर्षाला 50 अब्ज डॉलर वाया जातायत असं निघालं. त्यात पुन्हा स्वस्त डिझेलची सबसिडी, म्हणजे जी बोट तोट्यात गेल्यावर बंद पडली असती तीही समुद्रात राहते. 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत सबसिडीवर करार झाला खरा, पण गरजेपेक्षा जास्त बोटी वाढवणाऱ्या सबसिडीचा मुद्दा मागेच राहिला.

फॅक्टरीने काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर पेरू देशाकडे बघ. अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा, त्याची फिशमील करायची, म्हणजे मासा सुकवून दळून खाद्यासाठी भुकटी, आणि 1970 मध्ये पकड सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली. मग 1972 चा एल निन्यो आला, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, 1973 ला पकड वीस लाख टनांच्या आसपास उतरली आणि सरकारला तो उद्योगच ताब्यात घ्यावा लागला. नुसता एल निन्योला दोष देऊ नकोस, जेवढी फिशमीलची क्षमता उभी केली होती तेवढा मासा चांगल्या वर्षीही पुरला नसता. तिथे प्रत्येक बोटीला कोटा ठरवून द्यायला 2009 उजाडलं.

पश्चिम आफ्रिकेची गोष्ट मला जास्त टोचते. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया इथे सार्डिनेला हा गरिबाचा मासा, बायका तो भाजून, सुकवून, धूर देऊन आतल्या भागापर्यंत विकतात. फिशमील प्लांट आले आणि तोच मासा जास्त भावाने उचलायला लागले. एक किलो फिशमीलला साधारण चार ते पाच किलो ताजा मासा लागतो, आणि ती बाहेरच्या देशांत मत्स्यशेतीच्या खाद्यात जाते. एक्सपोर्टचा आकडा वाढला म्हणून मंत्री खूश, पण त्या बायकाही प्रक्रिया उद्योगच होत्या ना? त्यांचं उत्पन्न गेलं ते कुठल्या खात्यात दिसलं? तू 'रोजगार निर्माण' असा कॉलम केलायस, त्याच्या शेजारी 'रोजगार गेला' हाही कॉलम हवा.

आता बोटीवरचे पैसे कसे वाटले जातात ते समजून घे, पुस्तकांत हा भाग फार घाईत उरकतात. बऱ्याच ठिकाणी खलाशाला पगार नसतो, वाटा असतो. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं आणि उरलेलं मालक आणि खलाशी यांच्यात वाटलं जातं, त्यामुळे डिझेल महागलं की पहिला फटका खलाशाला, आणि मासा कमी झाला तरी नोकरी जात नाही, नुसती कमाई घटते, म्हणून सर्व्हेमध्ये संकट दिसतच नाही. त्यात व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि अट अशी की मासा त्यालाच द्यायचा, भाव तो म्हणेल तो. मासा तासातासाला खराब होतोय, हातात बर्फ नाही, मग घासाघीस कोण करणार? माझं स्पष्ट मत सांगतो, डबाबंद माशाच्या प्लांटआधी बर्फ, सावली, स्वच्छ पाणी आणि स्वस्त कर्ज यावर पैसा टाकलेला बरा. नाश कमी झाला की विकायला जास्त मासा मिळतो, त्यासाठी समुद्रातून एक किलोही जास्त काढावा लागत नाही.

एक्सपोर्टचं थोडक्यात सांगतो. सवलतीचा करार नसेल तर युरोपात डबाबंद ट्यूनावर 24 टक्के आयातशुल्क आहे, म्हणजे तू प्रक्रिया करून किंमत वाढवणार आणि ती दारातच कापली जाणार. शिवाय स्वच्छतेचे नियम आहेत. 1997 मध्ये युरोपने बांगलादेशची कोळंबी थांबवली तेव्हा तिथल्या कारखान्यांना लॅब, ट्रेनिंग, दुरुस्ती यावर भरपूर खर्च करावा लागला. हा खर्च मोठा कारखाना पेलतो, छोटा बंद पडतो, तर तुझा कुठल्या साइजचा आहे ते आधी ठरव.

पुढच्या ड्राफ्टमध्ये मशीनची कोटेशन्स नकोत. महिन्यागणिक किती मासा उतरतो, त्यातला किती आधीच कुणाच्या उचलीत अडकलाय, आज तो कोण विकत घेतं आणि तुझा प्लांट आल्यावर त्यांना काय उरेल, एवढं भरून पाठव. सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा पहिल्या ओळीत टाक, मी तिथूनच वाचायला सुरुवात करणार आहे.