बाईंना विचारा : दोरीवरची चादर

(मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई पालकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही.)

प्रश्न : बाई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. एक खोली, वर पोटमाळा. आम्ही दोघं, सासूबाई, नववीतला मुलगा आणि धाकटी मुलगी. दोन महिने झाले, पहाटे नळाला पाणी आलं की मुलगा माझ्याआधी उठतो, आपली चड्डी आणि कधी कधी चादरसुद्धा धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टाकतो. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “घोडा झाला तरी अंथरूण ओलं करतो की काय?” तेव्हापासून पोराचं जेवण कमी झालंय. परवा त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी मिळाली. लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ म्हणून कागद चिकटवलेले असतात ना, त्यातला मोबाइल नंबर उतरवून घेतलाय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “मला कुणी शिकवलं होतं? कळतं आपोआप.” मी आई आहे, मी कसं बोलू? आणि बोलू कुठे? आमच्या घरात कुजबुजलं तरी पोटमाळ्यावर ऐकू जातं.

उत्तर : आधी ती चिठ्ठी. बाकीचं आठवडाभर मागे पडलं तरी चालेल, पण त्यानं त्या नंबरावर फोन करण्याआधी तुम्ही त्याच्याशी बोललेलं बरं. माझ्या एका विद्यार्थ्यानं क्लासची फी अशाच एका ‘दवाखान्यात’ नेऊन भरली होती. बदल्यात खाकी पुड्यांत चूर्ण मिळालं. आजार काय होता? तुमच्या मुलाला आहे तोच, म्हणजे काहीच नाही.

वयात आलेल्या मुलाच्या शरीरात वीर्य तयार होतं आणि झोपेत कधी कधी ते आपोआप बाहेर पडतं. कुणाला आठवड्यातून दोनदा, कुणाला महिन्यातून एकदा, कुणाला कधीच नाही. त्यानं अशक्तपणा येत नाही, उंची खुंटत नाही, स्मरणशक्ती जात नाही. ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब’ हा हिशेब कुणी केला देव जाणे. वीर्य रक्तातून गाळून निघत नाही. एका वेळी ते जेमतेम चमचाभर असतं, त्यातही बहुतेक पाणी, आणि शरीर ते सारखं नव्यानं तयार करत असतं. खरी खोच आहे ती आपण त्याला दिलेल्या नावात. ‘स्वप्नदोष’. पोरानं तो शब्द डब्यातल्या त्या कागदावर वाचला की त्यातला ‘दोष’ तेवढा त्याच्या डोक्यात राहतो.

तुम्ही विचारलंत, कसं बोलू. माझ्या मते अडचण लाजेची कमी आणि शब्दांची जास्त आहे. बघा, आपल्या मराठीत शरीराच्या त्या भागांसाठी तीन तऱ्हेचे शब्द आहेत. तान्ह्या बाळाला आंघोळ घालतानाचे लाडाचे, नाक्यावरच्या शिव्यांमधले, आणि पाठ्यपुस्तकातले संस्कृत. चौदा वर्षांच्या मुलाशी भाजी निवडता निवडता वापरता येईल असा शब्द यांतला एकही नाही. मुलींसाठी निदान आडपडद्याचे तरी शब्द होते. कावळा शिवला, बाहेरची झाली, न्हाण आलं. मुलाला काय येतं? मिसरूड. त्यापुढे भाषा गप्प.

आणि हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. दहावीला प्रजननाचा धडा असतो. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत मी तो वर्गात घेतलाच नाही. “हा घरी वाचा, सोपा आहे,” म्हणायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. घरी कोण वाचून घेणार होतं? चौथ्या वर्षी एका मुलीनं वर्गातच विचारलं, “बाई, सोपा आहे तर तुम्हीच का नाही शिकवत?” त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून ‘शिश्न’, ‘योनी’, ‘वृषण’ हे शब्द मोठ्यानं वीसेक वेळा म्हटले. हसू नका, तुम्हीही म्हणा. संडासात जाऊन म्हणा हवं तर. दहाव्या वेळेपर्यंत तो शब्द ‘कोपर’ किंवा ‘घोटा’ यांच्यासारखाच वाटायला लागतो.

शाळेवर विसंबून राहू नका. २००७ साली आपल्या राज्यानं शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा, म्हणजे लैंगिक शिक्षणाचा, कार्यक्रम थांबवला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कित्येकांनी सुस्कारा सोडला होता. मीही त्या खोलीत होते. गंमत अशी की याच मुंबईत प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना ते सरळ उत्तरं द्यायचे, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड भरावा लागला. मला तसला दंड होणार नाही, तेव्हा मी लिहिते.

आता कुठे बोलायचं ते. घरात बोलूच नका. रविवारी त्याला पिशव्या उचलायला म्हणून दादरच्या मार्केटला न्या आणि परतताना चालत या. या वयाची मुलं समोरासमोर बसवली की शिंपल्यासारखी मिटतात, शेजारी चालताना उघडतात. परळपर्यंत आलात की एवढंच म्हणा: “तू पहाटे चादर धुतोस ते मला माहीत आहे. झोपेत वीर्य जातं, तुझ्या वयाच्या खूप मुलांचं जातं. तो आजार नाही. आजीला ते माहीत नाही म्हणून ती तसं बोलली. मी तिला सांगते. आणि त्या चिठ्ठीतल्या माणसाला फोन करू नकोस, तो घाबरवून पैसे काढतो. काही विचारायचं असेल तर मला विचार.” मग भाजीच्या भावावर या. तो “हं” म्हणेल, किंवा तेही म्हणणार नाही. चालेल. पंधरा दिवसांनी कपडे वाळत घालताना तोच काहीतरी विचारेल. कदाचित हस्तमैथुनाबद्दल. तर सांगा की त्यानंही काही बिघडत नाही, ती आपली एकट्याची खाजगी गोष्ट आहे, इतकंच.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा. अंडकोषात अचानक जोराची कळ आली, सूज आली, तर लाजून रात्र काढायची नाही. आतली पिळवटलेली शीर सहा तासांच्या आत सोडवली नाही तर अंडकोष गमवावा लागू शकतो. मुलं हे दुखणं सांगत नाहीत, कारण ते सांगण्यापुरता शब्द त्यांच्याकडे नसतो. तो आधी द्या. मध्यरात्र असली तरी केईएम रुग्णालयाचा अपघात विभाग तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्याशी भांडू नका. रात्री जेवणं झाल्यावर गॅलरीत विचारा, “तुम्हाला आपोआप कळलं ते नेमकं काय कळलं, आणि ते कळेपर्यंत किती घाबरला होतात?” बहुतेक पुरुष या प्रश्नावर तंबाखू मळायला लागतात. मळू द्या. सासूबाईंना मात्र उद्याच सांगा, एकट्या असताना, आणि त्यांच्याच भाषेत: “आई, नातू वयात आला.” तेवढं पुरेल.

प्रश्न : मी मुलुंडचा. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला आहे. तिच्या मोबाइलमध्ये वर्गातल्या एका मुलाशी प्रेमाचे मेसेज सापडले. मी मोबाइल काढून घेतला आहे. कॉलेज बदलावं का? माझी बहीण म्हणते, गावी पाठव.

उत्तर : मोबाइल आजच परत द्या. मेसेज चोरून वाचल्याबद्दल माफी मागा. अवघड आहे, पण त्याशिवाय ती तुमचं पुढचं एकही वाक्य ऐकणार नाही. कॉलेज बदलून प्रेम बदलत नाही, ठाण्याच्या पुढची लोकल पकडायला लागते एवढंच. गावी पाठवण्याबद्दल मी काही लिहीत नाही, लिहिलं तर वाईट लिहीन.

तिला धाक नको, माहिती हवी, आणि ती तुमच्याच तोंडून. ‘आईविना पोर, आत्या सांगेल’ म्हणून जबाबदारी ढकलू नका. पाळीच्या पहिल्या दिवशी पॅड कुणी आणून दिले होते? तुम्हीच ना? मग हेही जमेल.

पहिलं, कायदा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरलीच जात नाही. दोघांच्या मनात असलं तरी शरीरसंबंध आला तर गुन्हा होतो, आणि बहुतेक वेळा पोलिसांच्या दारात मुलगाच उभा राहतो. हे मुलीला सांगताना “तुझ्या त्याला जेलमध्ये घालीन” असा सूर लावू नका. “तुम्हा दोघांनाही हे माहीत असायला हवं” असं म्हणा. फरक मोठा आहे. कपड्यांशिवायचे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत, मागायचे नाहीत आणि आले तर पुढे कुणाला पाठवायचे नाहीत, हेही त्यातच आलं.

दुसरं, आणि इथे तुमचा हात थरथरेल. निरोध म्हणजे काय, तो कशासाठी, आणि गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, हे तिला माहीत असू द्या. गोळी केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती नेहमीचा उपाय नव्हे आणि तिनं रोग अडत नाहीत. “सांगितलं तर परवानगी दिल्यासारखं होईल,” असं तुम्ही म्हणाल. पेटीत बँडेज ठेवलं म्हणून कुणी मुद्दाम बोट कापून घेत नाही हो.

आणि “काही झालंच तर पहिला फोन मला” हे वाक्य तिला द्या. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. हे ठाऊक नसल्यानं घाबरून लोक पोरींना भलत्याच दारात नेतात. तिला कुणा तिऱ्हाइताशी बोलावंसं वाटलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

जाता जाता, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्हीची लस दिली आहे का? नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरापासून पुढे सहा महिन्यांत तीन. तुमच्या डॉक्टरांना विचारा. तिच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू म्हणाल, तर इथूनच करा. लस टोचून घ्यायला दोघं रिक्षानं जाल, अर्धा तास शेजारी बसाल.

प्रश्न : नात पाचवीत आहे. पाळीबद्दल कधी सांगावं? सून म्हणते, आली की सांगू. (गिरगाव)

उत्तर : या आठवड्यात. काही मुलींना नवव्या-दहाव्या वर्षी येते. आधी माहीत नसेल तर शाळेच्या बाथरूममध्ये रक्त पाहून तिला वाटतं की आपण मरणार. मला तसं वाटलं होतं.

प्रश्न : मुलगी बारा, मुलगा पंधरा. बहिणीच्या पाळीबद्दल भावाला सांगायचं का? घरात पॅड लपवून ठेवावे लागतात. (विलेपार्ले)

उत्तर : लपवू नका. पुढच्या महिन्यात त्यालाच केमिस्टकडे पाठवा. केमिस्ट पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायला लागेल, तेव्हा “काका, असंच द्या” म्हणायला शिकवून पाठवा.