विचारा की! : मदत द्यायचीय, मागायचीय, पण कुठं आणि कशी?

मागच्या अंकात सदराच्या शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की गावातल्या सेवाभावी संस्थांबद्दल काही विचारायचं असलं तर पाठवा. एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की दोन संध्याकाळी मी नुसती वाचतच बसले. सगळी घेता येणार नाहीत, थोडी निवडलीत. मी स्वतः एका छोट्या संस्थेची बरीच वर्षं खजिनदार होते, त्यामुळं पावतीपुस्तकाचा विषय निघाला की माझं बोलणं जरा लांबतं, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. जेवणावळ घालण्यापेक्षा २१ हजार रुपये कोल्हापुरातल्याच एखाद्या संस्थेला द्यावेत असं आम्हा भावंडांचं ठरलंय. पण परवा बिंदू चौकात दोन पोरं गळ्यात आयकार्ड घालून, आजारी मुलाचा फोटो आणि डबा घेऊन फिरत होती, मी २०० रुपये टाकले, आणि घरी आल्यावर बायको म्हणाली, 'फसलासा.' खरी संस्था ओळखायची कशी? (एक वाचक, राजारामपुरी)

दादा, वहिनींचं म्हणणं खरंच असेल असं नाही, पण त्या पोरांना तुम्ही एक गोष्ट विचारायला हवी होती, 'पावती दे बाबा.' खऱ्या संस्थेचा माणूस पावतीपुस्तक काढतो, आणि दुसरा 'काका, फोटो बघा की, पोरगं किती लहान हाय' असं सुरू करतो.

पावती हातात आली की ती वाचायची, आपण नुसती घडी घालून खिशात टाकतो. वर संस्थेचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो, बहुतेक वेळा 'एफ' किंवा 'ई' अक्षर, मग आकडा, मग कोल्हापूर. हा नंबर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मिळतो, आपल्याकडं सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे त्याखाली नोंदणी होते, आणि त्या नोंदीत विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे सगळं असतं आणि ते कुणालाही बघता येतं. दरवर्षी हिशोब तपासून तिथं द्यावा लागतो. 'गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का' असं विचारल्यावर समोरचा चहा मागवून फाइल काढतो का कपाळाला आठ्या घालतो, एवढ्यावरनं मला अर्धी संस्था कळते. आमच्याकडं एकदा एक रिटायर्ड मास्तर आले होते, ५०० रुपये द्यायचे होते त्यांना, आणि अडीच तास बसून लेजर बघितलं, डिझेलचं एक बिल दोनदा चढलंय हे त्यांनीच दाखवलं, तेव्हा मला लई राग आला होता, आता वाटतं असे चार मास्तर प्रत्येक संस्थेला मिळावेत.

टॅक्सचं विचारलं नाहीत तरी सांगते. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत संस्थेकडं त्याची मंजुरी असली तरच मिळते, बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, तीही जुन्या पद्धतीनं रिटर्न भरणार असाल तर, नव्या पद्धतीत नाही. आणि रोख २,००० च्या वर दिलेत तर ती रक्कम धरतच नाहीत, म्हणून २१ हजार चेकनं किंवा ऑनलाइन द्या. यूपीआयनं देताना क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येतंय का कुणा माणसाचं, तेवढं थांबून बघा. धान्य, कपडे, पंखा अशा वस्तू दिल्या तर पुण्य मिळेल, टॅक्सची सवलत नाही.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे एकदा दुपारी न सांगता जाऊन या. नसीमा हुरजूक, म्हणजे आपल्या नसीमादीदी, स्वतः व्हीलचेअरवर बसून त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था इथं कोल्हापुरात उभी केली, अशा संस्था या गावानं बघितल्यात, त्यामुळं काम दिसतं कसं हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला नको. पोरं जेवतात कुठं, संडास कसे आहेत, हे बघा. भिंतीवरचे सत्काराचे फोटो राहू द्या.

प्रश्न : लेकीच्या लग्नात ८०० माणसांचं जेवण केलं आणि आली ५५०. उरलेलं अनाथाश्रमात पाठवूया म्हणून फोन केला तर त्यांनी चक्क नको म्हटलं! एवढं चांगलं अन्न, आणि नाही म्हणायला जीभ तरी कशी रेटते? (एक वाचक ताई, कसबा बावडा)

ताई, रागावू नका, फोन किती वाजता केलात ते लिहिलं नाही तुम्ही. मी सांगू? साडेचार, पाच. शेवटची पंगत उठली, पाहुणे वाटंला लावले, रुखवत गाडीत भरलं आणि मग कुणाला तरी भांड्यांची आठवण झाली. तोपर्यंत मसालेभात झाकून झाकून घामेजलेला, मठ्ठा आंबलेला, बासुंदी तर उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिली की तिचं काही खरं नाही. तिथं ६० पोरं असतात, रात्री एकाला जुलाब सुरू झाले की ६० जणांना होतात आणि मग सुपरिटेंडेंट पोरांना घेऊन दवाखान्यात रात्रभर. आणि त्यांचं संध्याकाळचं पीठ तोवर मळून झालेलं असतं.

आमच्या संस्थेत असंच एकदा एका कार्यालयातून दोन पातेली गुलाबजाम आले होते. फक्त गुलाबजाम. पोरं खूश, आम्ही पण खूश, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतनं निरोप, तुमची निम्मी पोरं पोट धरून बसल्यात. तेव्हापासनं आम्ही पण नाही म्हणायला शिकलो.

पुढच्या कार्याला (धाकटी आहे म्हणून लिहिलंय तुम्ही) असं करा, चार दिवस आधीच संस्थेला सांगून ठेवा, आचाऱ्याला सांगा की पहिली पंगत बसायच्या आधीच १०० माणसांचं बाजूला काढ, स्वच्छ डब्यात, वाढप्याचा हात न लागलेलं. उरलेलं देण्यापेक्षा हे बरं, आणि खर्चात काही फरक पडत नाही कारण ते २५० माणसांचं तुम्ही केलेलंच होतं. भात, पोळी, सुकी भाजी, बुंदी चालेल. दह्यादुधाचं नको.

प्रश्न : जुने कपडे कुठं द्यायचे? (एक वाचक, फुलेवाडी)

धुऊन, बटणं लावून, स्वतः घालाल असे असतील तर विचारून कुठंही. नसतील तर पुसायला वापरा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय ना, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं, हायवे बंद, गावात दूध नाही. पाणी ओसरल्यावर बाहेरगावहून ट्रकच्या ट्रक भरून माणुसकी आली, खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी यायचं. पण मी ज्या शाळेतल्या छावणीत होते तिथं एका वर्गात छतापर्यंत कपडे, त्यात सूट, लग्नातला घागरा, एकेकच पायमोजा, आणि बायका आम्हाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत होत्या की आतले कपडे आणि पॅड मिळतील का. ते नव्हतं कुणी पाठवलं. खराटे, फिनेल, टॉर्चचे सेल, जनावरांचा चारा, हे पण मागूनच घ्यावं लागलं.

प्रश्न : माझी आई चार घरची धुणीभांडी करते. मामा अॅक्सिडेंट होऊन एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात आहेत, ५० हजार भरा म्हणतात. कोण म्हणतंय ट्रस्टचं हॉस्पिटल असलं तर गरिबाला फुकट असतं. खरं आहे का? आम्ही विचारलं तर काउंटरवरची मॅडम हसली. (एक वाचक, कळंबा)

खरं आहे, आणि तिला हसू दे.

नीट वाच बाळा, आणि हे पान फाडून खिशात ठेव. जे हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे त्याला सार्वजनिक न्यासांच्या त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे घरचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. हे हॉस्पिटल उपकार म्हणून करत नाही, ट्रस्ट म्हणून त्यांना सवलती मिळतात त्याच्या बदल्यात करतं, आणि त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. म्हणजे पैशेवाल्या पेशंटच्या बिलातनं तुझ्या मामाची सोय आधीच झालेली आहे, मागायला जायचं आहे फक्त.

आता करायचं काय. आधी हॉस्पिटल खरंच धर्मादाय आहे का बघ, नावाच्या आधी तसा शब्द असतो, नाहीतर धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर यादी आहे, रिकाम्या खाटाही दिसतात. मग काउंटर सोड, 'मेडिकल सोशल वर्कर कुठं बसतात' ते विचार, तेच नाव घ्यायचं. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखला नसेल तर आजच अर्ज टाक. अॅक्सिडेंट म्हणजे इमर्जन्सी, त्यात आधी दाखल करून घ्यायचं आणि जिवाचा धोका टळेपर्यंत उपचार करायचे, डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, असा नियम आहे. तरी ऐकलं नाही तर भांडत बसू नको, साध्या कागदावर अर्ज लिही, तारीख-वेळ घाल, पोच घे, आणि एक कॉपी आपल्या कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात दे. पोच मागितली की पुष्कळ मॅडमचं हसू थांबतं, स्वानुभव आहे.

आणि हॉस्पिटल धर्मादाय नसलंच तर ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का विचार, तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. सीपीआर, आपलं सरकारी हॉस्पिटल, तर आहेच.

प्रश्न : आमचं मंगळवार पेठेतलं तालीम मंडळ आहे. रक्तदान, वह्यावाटप, पुरात जेवण, सगळं करतो. आता संस्था रजिस्टर करावी म्हणतोय, फंडिंग येईल. करू का? (तालमीची पोरं)

भावांनो, नाद खुळा काम करताय, पण 'फंडिंग येईल' हे कारण असलं तर थांबा. नोंदणीला निदान ७ माणसं, घटना आणि ठराव लागतात, ते होतंय पटकन. पुढं दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. इथंच गावातली निम्मी मंडळं अडकल्यात, अध्यक्ष म्हणून कागदावर ज्याचं नाव आहे तो वारून दहा वर्षं झालेली असतात आणि बँक सही मागते. तुमच्यात एकजण तरी असा आहे का, ज्याला कुस्तीपेक्षा व्हाउचर लावायला आवडतं? असला तर करा, त्याला सोडू नका. नसला तर गणपतीची किंवा पुराची वर्गणी गोळा करायला तात्पुरती परवानगी मिळते, कलम ४१ ग खाली, ती काढा, आणि बाकी काम एखाद्या नोंदणी असलेल्या संस्थेच्या जोडीनं करा. तुमच्याकडं ४० पोरं आहेत जी रात्री दोनला पण फोन उचलतात, आणि फंडिंगवाल्या संस्थांकडं नेमकी तीच नसतात.

प्रश्न : महाद्वार रोडला एक आजी रोज पायरीवर झोपलेल्या दिसतात. पैसे द्यावेत का? (एक वाचक ताई, शिवाजी पेठ)

द्या, पण आधी शेजारी बसून नाव, गाव, पोरंबाळं विचारा. मग १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथं फोन करा. जवळ लहान मूल दिसलं तर १०९८. आजी चला म्हटल्यावर लगेच येतील असं नाही, आश्रमात कोंडतात अशी भीती असते त्यांना. दोनचारदा जावं लागतं, चहा घेऊन.

प्रश्न : मिस्टर गेल्या वर्षी गेले. दुकान बंद पडलं. आजवर आम्ही चार लोकांना देत आलो, आता मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी कुठल्या संस्थेकडं हात पसरायचा म्हणजे पाय उचलत नाही. ओळखीचं कोण भेटलं तर? (नाव नको)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नाव टाकलेलं नाही, गल्लीचाही उल्लेख काढलाय.

दसरा चौकातनं जाता-येता ती बोर्डिंगं बघता ना तुम्ही? शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेक सुरू करायला लावली, जागा दिल्या, पैसे दिले, समाजातल्या लोकांनाही द्यायला लावले, आणि खेड्यातली पोरं दुसऱ्याच्या पैशावर जेवून इथं शिकली. भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगात राहिलेले, त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मग बायका मूठमूठ धान्य बाजूला काढून पोरांसाठी द्यायच्या. त्या मुठीतलं खाऊन शिकलेला माणूस आज कुणाच्या तरी घरात आजोबा म्हणून फोटोत असतो आणि त्याला हात पसरलेला असं कुणी म्हणत नाही.

ओळखीचं भेटायची भीती खरी आहे, त्यामुळं सरळ ऑफिसात जाऊ नका. फोन करा आणि विश्वस्तांपैकी एका बाईंशी बोलायचंय म्हणा. 'चेक देतानाचा फोटो घेणार का' हे पहिल्यांदाच विचारा, घेणार म्हटले तर फोन ठेवून दुसरी संस्था बघा. फी थेट कॉलेजच्या खात्यावर भरणाऱ्या संस्था असतात, त्या बऱ्या, तुमच्या हातात पैसे येतच नाहीत. मुलाला सरकारी स्कॉलरशिपचा फॉर्मही आत्ताच भरायला लावा, तारीख गेली की कुणाचं काही चालत नाही. मार्कशीट, फीची पावती आणि मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, तिन्हीच्या चार-चार झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेवा, प्रत्येक ठिकाणी तोच दाखला नव्यानं बाहेर काढायला लागू नये म्हणून.