पुरोगामी मॉर्मन असणं म्हणजे काय? तुमचं चर्च समलिंगी विवाहाच्या विरोधात असताना तुम्ही सर्वांच्या धर्मस्वातंत्र्याची बाजू कशी घेता?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "मराठी, त्यातून मॉर्मन, त्यातून पुरोगामी. यातलं एक तरी खोटं असणार." खोटं काही नाही. पण तिन्ही एका घरात नांदवताना भांड्याला भांडं लागतं, हे कबूल.

मी साताऱ्याची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेतल्या युटा राज्यात आले, त्याला आता 19 वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ रोज पहाटे कोणीतरी न सांगता काढून जायचं. ते शेजारी मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उगवलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, निघाले. त्यांच्याबरोबर चर्चला जायला लागले, दोन वर्षं सगळ्यांशी वाद घातले आणि मग बाप्तिस्मा घेतला. नवरा हिंदू होता, आहे आणि राहणार आहे. आईला धर्मांतरापेक्षा जास्त लागलं ते माझा चहा सुटल्याचं. आमच्याकडे दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. साताऱ्याला गेले की ती अजून "गवती चहाच आहे गं नुसता" म्हणत कप पुढे करते, आणि मला वासावरून कळतं की नुसता नाही.

(2018 पासून चर्चचं म्हणणं आहे की 'मॉर्मन' म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मराठी उत्तरात ते दहा वेळा लिहिलं तर तुम्ही वाचायचं सोडाल, म्हणून मॉर्मनच म्हणते.)

आता 'पुरोगामी'. मी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देते, रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते, प्रार्थना करते आणि ती ऐकली जाते असं मानते. त्याचबरोबर स्त्रियांना याजकपद, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, मिळायला हवं असंही मानते. कृष्णवर्णीय पुरुषांना 1978 पर्यंत ते नाकारलं गेलं, ती देवाची इच्छा नव्हती, आमची चूक होती. आणि दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न केलं तर माझ्या संसाराला काही धोका पोचत नाही. हे मी वर्गात मुलांना शिकवत नाही, पण कोणी विचारलं तर लपवतही नाही. आमच्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, काही जण त्यामुळे माझ्याशेजारची खुर्ची टाळतात. काही जण मुद्दाम येऊन बसतात आणि हळूच सांगतात, "आमचा मुलगाही तसाच आहे."

धर्मस्वातंत्र्याकडे मी वळले ती कुठल्या तत्त्वज्ञानातून नाही, आमच्याच इतिहासातून. 27 ऑक्टोबर 1838 रोजी मिझुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजा. त्यांना संपवा किंवा राज्याबाहेर घालवा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला झाला आणि 17 जण मारले गेले. तो हुकूम अधिकृतपणे रद्द व्हायला 1976 साल उजाडलं. तिथून हाकललेले लोक इलिनॉयमध्ये नॉवू इथे वसले, आणि 1841 साली त्यांच्या नगर परिषदेने ठराव केला: कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, क्वेकर, मुसलमान, सगळ्यांना या गावात सारखी मोकळीक. त्या गावात तेव्हा मुसलमान कुठून असणार? तरी त्यांचं नाव घातलं, हे मला फार आवडतं.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती आमच्या सोयीची होईल. त्याच नॉवूमध्ये 1844 साली आमच्या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ महापौर असताना, विरोधात लिहिणाऱ्या वर्तमानपत्राचा छापखाना परिषदेच्या हुकमाने मोडून टाकला गेला. ते वर्तमानपत्र काढणारे लोक आमच्यातूनच फुटून निघालेले होते. त्याच प्रकरणात अटकेत असताना काही दिवसांनी स्मिथ यांना जमावाने तुरुंगात घुसून ठार केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुसलमानाला मोकळीक देणं सोपं गेलं, घरच्या बंडखोराला देणं जमलं नाही. मी स्वतः घरच्या बंडखोरांत मोडत असल्यामुळे ही दुसरी गोष्ट मला जास्त आठवते.

मग बहुपत्नीत्वाचं प्रकरण आलं, तेव्हा आमच्यात ती प्रथा होती. मराठी वाचकांना यात गोडी वाटेल, कारण हा धागा थेट मुंबई हायकोर्टापर्यंत येतो. 1879 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स या मॉर्मन माणसाच्या दुसऱ्या लग्नावरून चाललेल्या खटल्यात निकाल दिला की श्रद्धा मोकळी, पण धर्माच्या नावाखाली कायदा मोडता येणार नाही. उदाहरण कुठलं दिलं? सतीचं. नवऱ्याच्या चितेवर चढणं हा आपला धर्म आहे असं एखादी बाई मानत असेल, तर सरकारने ते रोखू नये का? पुढे 1890 साली डेव्हिस विरुद्ध बीसन हा आयडाहोतला खटला आला. तिथे तर ज्याने एकच लग्न केलं आहे अशा मॉर्मनालाही, केवळ तो त्या चर्चचा सभासद म्हणून, मतदानाचा हक्क नाकारला गेला होता, आणि न्यायालयाने ते चालवून घेतलं. त्याच निकालातलं वाक्य, की कायदे कृतीसाठी असतात, नुसत्या श्रद्धेत ते हात घालू शकत नाहीत पण आचारात घालू शकतात, 1951 साली मुंबई हायकोर्टात न्या. छागलांनी नरसू अप्पा माळी खटल्यात उद्धृत केलं. हिंदूंच्या द्विभार्या प्रतिबंधाचा मुंबई राज्याचा कायदा त्या निकालाने टिकला.

एक सातारकर बाई म्हणून त्या 1951 च्या निकालाला माझा पाठिंबा आहे. सवत आणू नये, हे सरकारने सांगितलंच पाहिजे. पण वाक्य ज्या निकालातून उचललं, त्या निकालाने माणसाचा मतदानाचा हक्क काढून घेऊ दिला होता, तेही त्याने काही न करता. म्हणून मी दर वेळी एवढंच विचारते: इथे कोणाला इजा होते आहे, की नुसतं कोणाचं असणं खुपतं आहे? हा प्रश्न सगळी कोडी सोडवत नाही, पण पुष्कळशी सोडवतो.

1990 साली हेच रेनॉल्ड्स प्रकरण पुन्हा वर आलं. ओरेगनमध्ये नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या दोन माणसांनी पूजाविधीत पेयोटी ही निवडुंगाची जात खाल्ली, नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला. न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल देताना रेनॉल्ड्सचा आधार घेतला. मॉर्मनांसाठी घडवलेलं हत्यार शंभर वर्षांनी आदिवासींवर चाललं. त्याला उत्तर म्हणून 1993 साली धर्मस्वातंत्र्याचा केंद्रीय कायदा झाला, तो पुढे रेटणाऱ्या दोघांपैकी एक युटाचे मॉर्मन सिनेटर ऑरिन हॅच आणि दुसरे कॅथलिक टेड केनेडी. हॅच यांच्याशी माझं राजकारणात क्वचितच जमलं असतं. पण न्यूयॉर्कमध्ये ट्विन टॉवर्सच्या जागेजवळ इस्लामी केंद्र बांधण्यावरून गदारोळ उठला, तेव्हा बांधण्याचा त्यांचा हक्क आहे असं या रिपब्लिकन माणसाने सांगितलं. डेमोक्रॅट हॅरी रीड, तेही मॉर्मनच, त्यांचं म्हणणं पडलं की दुसरीकडे कुठेतरी बांधा. तेव्हा पुरोगामीपणाचा मक्ता आमच्याच बाजूला आहे, असं मी म्हणत नाही.

आणि आमच्या लोकांनी दुसऱ्यांना काय केलं? जुलै 1953 मध्ये ॲरिझोनाच्या पोलिसांनी शॉर्ट क्रीक या गावावर पहाटे छापा घातला. तिथे बहुपत्नीत्व न सोडलेले, मुख्य चर्चपासून तुटलेले कट्टर मॉर्मन राहायचे. अडीचशेहून जास्त मुलं उचलून नेली, काहींना आईकडे परतायला दोन वर्षं लागली. देशभरातली बरीच वर्तमानपत्रं हळहळली. आमच्या चर्चच्या मालकीच्या 'डेझरेट न्यूज'ने छाप्याची पाठराखण केली. ज्यांच्या आज्या-पणज्या अशाच धाडींतून पळाल्या होत्या, त्यांनी. त्या पंथात मुलींची कमी वयात लग्नं लावली गेली हे खरं आहे, त्यांचा नेता वॉरन जेफ्स 2011 पासून टेक्सासात जन्मठेप भोगतो आहे आणि तो तिथेच असावा. गुन्हेगाराला धरा, त्यात धर्म आड येऊ देऊ नका. पण अख्ख्या गावाची मुलं उचलणं हे गुन्हेगार धरणं नव्हे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, समलिंगी विवाहाचा. 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहबंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा आमच्या चर्चने सभासदांना वेळ आणि पैसा द्यायला सांगितलं. माझा बाप्तिस्मा होऊन वर्षही झालं नव्हतं. मी दिले नाहीत, आणि त्या शरद ऋतूत बरेच रविवार घरीच बसले. माझा राग साधा होता: उद्या बहुमताने आपलं लग्न बेकायदा ठरवलं तर कसं वाटेल, हे ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं, ते आपण. 2015 मध्ये युटात तोडगा निघाला. घरं आणि नोकऱ्या यांत समलिंगी आणि ट्रान्स लोकांशी भेदभाव करायला कायद्याने बंदी झाली, धर्मसंस्थांना सूट मिळाली, आणि चर्चने त्याला उघड पाठिंबा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चर्चने समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा न देण्याचं धोरण आणलं, ते 2019 मध्ये मागे घेतलं. 2022 मध्ये समलिंगी विवाहाला संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्याला चर्चने पाठिंबा दिला. शिकवण बदलली नाही, कायद्याबाबतची भूमिका बदलली. एक पाऊल पुढे, दोन मागे, मग तिरकं तिसरं. मी याला प्रगती म्हणते, माझी एक मैत्रीण याच वर्षांत चर्च सोडून गेली आणि ती याला फसवणूक म्हणते. आम्ही दोघी दर गुरुवारी एकत्र फिरायला जातो.

"मग सरकारनेच तुमच्या चर्चला भाग पाडावं ना, बायकांना याजक करायला?" हेही तुम्ही विचारलं आहे. आपल्याकडे मंदिरप्रवेश कायद्याने खुला झाला, घटनेत तशी तरतूद आहे, आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींना 1947 साली दहा दिवस उपोषण करावं लागलं, हे मी विसरलेले नाही. तिथे देवळाच्या दाराशी माणसाचं माणूसपणच नाकारलं जात होतं, आणि ज्याला नाकारलं त्याला जन्मजात चिकटलेल्या जातीतून बाहेर पडायची सोय नव्हती. माझ्या चर्चमधून मी उद्या उठून जाऊ शकते. म्हणून इथे सरकार नको, भांडण आमचं आम्हीच करू. हे बोलायला सोपं आहे. सोनिया जॉन्सन यांना स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीवरून झालेल्या भांडणात 1979 साली काढून टाकलं, केट केली यांना याजकपद मागितल्यावर 2014 साली. माझ्यावर तशी पाळी आली तर मला ते जिव्हारी लागेल, आणि तरी तो चर्चचा अधिकार आहे असंच मी म्हणेन.

याबाबतीत आपल्याकडचा दाऊदी बोहऱ्यांचा खटला मला नेहमी आठवतो. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कृत करण्यावर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो कायदा रद्द ठरवला, आणि 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे पाठवला. मधल्या काळात असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी काय सोसलं, ते मुंबईकरांना ठाऊक आहे. माझी फरक करण्याची रेघ अशी: नावावर काट मारणं वेगळं, वाळीत टाकणं वेगळं. सभासदत्व काढा. पण किराणा बंद, दफनाला जागा नाही, सख्ख्या बहिणीने बोलायचं नाही, हे आलं की तो धर्म राहत नाही, जातपंचायत होते, आणि महाराष्ट्राने 2016 साली त्यावर कायदा केला तो योग्यच केला.

मिशनरींबद्दल भारतीयांना असणारा संशय मला कळतो. आकडे मोजत दारोदार फिरणं मलाही आवडत नाही, आणि मृतांच्या नावाने बाप्तिस्मा करण्याच्या आमच्या प्रथेत होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं घातली गेली, ते तर लाजिरवाणं होतं. 1995 साली ते थांबवण्याचा करार करावा लागला. माझ्या सासऱ्यांचं नाव मी त्या यादीत कधीही देणार नाही, ते शेवटपर्यंत माउलींचे होते. पण धर्म बदलण्याआधी 60 दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवा, असं उत्तर प्रदेशातल्यासारखा कायदा सांगतो तेव्हा मी थबकते. मी दोन वर्षं घेतली, आणि त्या दोन वर्षांत कुठल्याही कलेक्टरचा संबंध नव्हता.

घरचं सांगते आणि थांबते. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो, नवरा साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात जातो, आमचे बिशप, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, आरतीला येतात आणि मोदक मागून घेतात. आमच्यात मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. मुलगी सात वर्षांची असताना चर्चमधल्या एका बाईंनी प्रेमानेच तिला सांगितलं की, बाबांनी बाप्तिस्मा घेतला नाही तर स्वर्गात ते आपल्याबरोबर नसतील. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी मी तिला म्हटलं, मला असं वाटत नाही, आणि त्या बाईंनाही जाऊन तेच सांगितलं. आठवं वर्ष लागलं तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "अजून नाही." आता ती 14 वर्षांची आहे. बिशप वर्षातून एकदा विचारतात, ती तेच उत्तर देते, आणि मग ते दोघं बास्केटबॉलबद्दल बोलतात.