तरीची वाट पाहणारी आई

देवगड तालुक्यातील एका वाडीतून आलेले हे पत्र आहे. लिहिणारे 53 वर्षांचे असून त्यांची स्वतःची कलमांची बाग आहे. घरात पत्नी, बारावीतला मुलगा आणि 76 वर्षांची आई. आईला चार वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. गेल्या पावसाळ्यापासून ती रोज दिवेलागणीला पिशवी घेऊन खाडीच्या धक्क्यावर जाते आणि पलीकडे माहेरी नेणाऱ्या तरीची, म्हणजे उतारूंच्या होडीची, वाट पाहत बसते. पूल झाल्यावर ती तर कधीच बंद पडली आहे. मुंबईचे धाकटे भाऊ पुण्यातील एका स्मृतिभ्रंश केंद्राचा खर्च उचलायला तयार आहेत, तर कणकवलीला दिलेली बहीण म्हणते, ‘आईला टाकलीत तर माझे माहेर संपले.’ आईला पाठवणे हे पाप आहे का, आणि पाठवायचेच झाले तर केंद्र कसे निवडावे, असे त्यांनी विचारले आहे.

स. न. वि. वि.

तुमच्या चार पानी पत्रात भावाचे म्हणणे आहे, बहिणीचे आहे, वाडीतली माणसे काय बोलतील तेही आहे. पत्नीविषयी मात्र एकच वाक्य आहे : ‘हिला कंबरेचा त्रास आहे, पण ती करते.’ आईला आंघोळ कोण घालते, रात्री तीन-तीनदा कोण उठते, धक्क्यावरून हाताला धरून घरी कोण आणते, हे तुम्ही लिहिले नसले तरी वाचणाऱ्याला कळते. तेव्हा भावाला फोन करण्याआधी एका संध्याकाळी पडवीत शांतपणे बसून पत्नीला विचारा, की हे आणखी किती दिवस जमेल. ‘जमवून घेईन’ असे उत्तर आले तर ते उत्तर मानू नका, पुन्हा विचारा.

पापाचा प्रश्न मी लवकर संपवते. या आजारातल्या माणसाला चोवीस तास जागते माणूस लागते आणि चोवीस तास जागणे एका बाईच्या हातचे नाही. आईला टाकले असे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा तिला ठेवून आल्यावर महिनोन्महिने कोणी फिरकणार नाही. अशी टाकलेली माणसे मी त्यांच्या स्वतःच्या घरातल्या मागच्या खोलीतही पाहिली आहेत.

आता आजाराविषयी. निदानानंतर आईला पुन्हा डॉक्टरांकडे नेल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही आणि त्रास ‘गेल्या पावसाळ्यापासून’ वाढल्याचे तुम्ही लिहिता. स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू वाढतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत एकदम पडलेला फरक दिसला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातले पाणी कमी होणे, एखादे नवे औषध किंवा सांगता न येणारे दुखणे यांचा शोध आधी घ्यावा लागतो. थायरॉईड आणि बी-12 यांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, मोतीबिंदू आणि कानही तपासा, कारण अंधुक दिसणाऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा संध्याकाळचा गोंधळ अधिकच वाढतो. यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे लागेल. आपल्याकडे ‘रत्नागिरीला नेले’ म्हटले की लोकांच्या भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. पण तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञाला दाखवणे आणि आईला तिथे ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मनोरुग्णालय हे उपचारासाठी असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने वर्षानुवर्षे राहण्याची ती जागा नव्हे.

तरीबद्दल आईशी वाद घालू नका. ‘तर बंद झाली, तुझे आईवडील केव्हाच गेले’ असे सांगितले की ती बातमी तिला दर वेळी नव्याने कळते आणि दर वेळी ती नव्याने रडते. ‘आज भरतीमुळे तर उशिरा येणार आहे, तोवर चहा घेऊ’ एवढे पुरते. दिवे उजेड असतानाच लावा, विहिरीवर लोखंडी जाळी बसवा, खळ्याच्या फाटकाला तिच्या सहज हाताला न लागणारी कडी करा आणि तिच्या हातात नाव व फोन नंबर कोरलेले कडे घाला.

माझे मत विचाराल तर आईला कायमची पुण्याला पाठवण्याची वेळ अजून आलेली नाही, कारण बाहेरची मदत तुम्ही एकदाही घेऊन पाहिलेली नाही. भाऊ केंद्रासाठी जी रक्कम द्यायला तयार आहेत, तीच त्यांनी आधी दुपारी तीन ते रात्री नऊ येणाऱ्या बाईच्या पगारासाठी द्यावी. वाडीतली ओळखीची, आईशी मालवणीत बोलणारी बाई कागदावरच्या प्रशिक्षित परिचारिकेपेक्षा या टप्प्यावर अधिक उपयोगी पडेल. परंतु केंद्राचा शोध मात्र आजच सुरू करा. आई स्वतःहून उठू शकेनाशी झाली आणि पत्नीला तिला उचलणे अशक्य झाले, ती रात्री घराबाहेर पडू लागली, किंवा घरातल्यांच्या अंगावर हात टाकू लागली, तर थांबायचे नाही, हे तिघा भावंडांनी पत्नीसमोर बसून आधीच ठरवावे. हे मिरगाच्या आत झालेले बरे. पावसात वीज गेलेल्या रात्री 108ची गाडी पाणंदीच्या तोंडाशी अडकलेली असताना असे निर्णय नीट होत नाहीत.

केंद्र पाहायला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळीकडे फरशी पुसलेली आणि रुग्णांना आंघोळ घातलेली असते. संध्याकाळी साडेपाच-सहाला, शक्यतो न कळवता जा. एका केंद्रात मी अशा वेळी पोहोचले तेव्हा एक आजी ‘पोरे शाळेतून येतील, मला स्वयंपाक करायचा आहे’ म्हणून दाराशी झटत होत्या. तिथल्या मावशींनी काही न बोलता त्यांच्यापुढे मेथीची जुडी आणि सूप ठेवले, आणि आजी निवडायला बसल्या. दुसऱ्या एका चकचकीत केंद्रात त्याच वेळी आठ माणसे टीव्हीसमोर ओळीने बसवलेली होती आणि उठता येऊ नये म्हणून खुर्च्यांना पुढून फळ्या लावलेल्या होत्या. शुल्क दुसऱ्या जागेचे जास्त होते.

आंघोळीला नकार दिला तर तुम्ही काय करता, रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात आणि रुग्ण आरडाओरडा करू लागला तर काय देता, हे विचाराच. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘झोपेची गोळी’ असे चटकन आले तर सावध व्हा. भ्रम व आक्रमकपणा यांवर दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. ती कधी द्यावीही लागतात, पण डॉक्टरांनी तपासून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी काळ. पुष्कळ वृद्धाश्रम फक्त ‘स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच’ ठेवून घेतात, म्हणून अंथरुणाला खिळल्यावर किंवा गिळता येईनासे झाल्यावर आईला परत न्यावे लागेल का, हे लेखी घ्या. अनामत परत मिळते का आणि डायपर, डॉक्टर, रुग्णालय यांचा खर्च वेगळा पडतो का, तेही त्यात येऊ द्या.

भाषेची गोष्ट केंद्रवाल्यांना किरकोळ वाटते, मला वाटत नाही. या आजारात पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची अधिक काळ टिकते. ‘माका घराक जावचा आसा’ हे ज्यांना कळणार नाही आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळाली नाही म्हणून आई ताट का ढकलते हे ज्यांच्या ध्यानात येणार नाही, ते तिला ‘हट्टी रुग्ण’ म्हणून नोंदवतील. घाट चढून कोल्हापूर तुम्हांला पुण्यापेक्षा बरेच जवळ आहे, तिथेही चौकशी करा. पंधरा दिवसांनी सहज जाऊन येता येईल अशी साधी जागा मला दूरच्या नामांकित जागेपेक्षा बरी वाटते. 1992 मध्ये केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखांकडून माहिती मिळू शकेल. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या क्रमांकावर चौकशी करता येते आणि पत्नीला रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

‘आईकडून आताच कुलमुखत्यारपत्र करून घेऊ’ ही भावाची सूचना तुम्ही जाता जाता लिहिली आहे. 1872च्या करार कायद्यानुसार करार करणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते समजले पाहिजे आणि देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की असे मुखत्यारपत्र संपुष्टात येते. आईच्या पेन्शनचे आणि बँकेचे काय करायचे ते वकिलांना विचारून रीतसर करा, परंतु बागेच्या सातबाऱ्याचा विषय आईच्या शुश्रूषेच्या बोलण्यात येऊ देऊ नका. तो आला की बहिणीचा संशय खरा ठरेल.

त्या बहिणीला मात्र आठ दिवस राहायला बोलवा, पाहुणी म्हणून नव्हे, रात्रीची पाळी करायला. त्याच आठ दिवसांत पत्नीला तिच्या माहेरी पाठवा.

पुढे केंद्र ठरलेच तर आधी दोन-तीन आठवड्यांसाठी ठेवून पाहा आणि सुरुवातीचे काही दिवस त्याच गावात मुक्काम करा. आईची ती पिशवी बरोबर द्या. तिच्यात एक पातळ, पानाचा डबा आणि सुटी नाणी असतात असे तुम्ही लिहिले आहे. ती नाणी तरीच्या भाड्याची आहेत, हे तिथल्या मावशींना सांगून ठेवा.