व्हेटर्नरी ‘तरी’ म्हणजे काय?

पत्र: मुलीने दोनदा नीट दिली, मार्क कमी पडले. आता म्हणते, उत्खननात सापडणाऱ्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करायचाय. हाडं मोजून पोट भरतं का? तिसऱ्यांदा नीट देऊन व्हेटर्नरी तरी करावं, असं आमचं मत आहे.
– एक पालक, कोपरखैरणे

उत्तर: पत्रभर ‘आमचं मत’. मुलीचं एकच वाक्य, तेही तुमच्या तोंडून. मार्कांपेक्षा मला याची काळजी वाटते. आणि ते ‘तरी’ कशाला? व्हेटर्नरीलाही नीटचेच मार्क लागतात. तिसरं वर्ष नक्की कोणाच्या हौसेसाठी घालवायचं, हे आधी घरात बोला.

आता ‘हाडं मोजून’. मोजणी हाच या कामातला सर्वांत फसवा भाग. एका बैलाच्या हाडांचे वाटेल तेवढे तुकडे होतात, मऊ टोकं कुत्री चघळून संपवतात, आणि माती बारीक चाळणीने चाळली नाही तर माशांचे काटे ढिगाऱ्यात जातात. मग तिथले लोक मासे खातच नव्हते असं वाटू लागतं. खरी गोष्ट कळते ती जनावराच्या वयावरून. नर लहानपणीच कापलेले आणि माद्या म्हाताऱ्या होईस्तोवर राखलेल्या, तर कळप बहुधा दुधासाठी. बरीचशी जनावरं ऐन भरात कापलेली, तर मटणासाठी. म्हाताऱ्या बैलाच्या खुरांजवळच्या सांध्यांवर जादा हाड वाढलेलं दिसलं, तर नांगर-गाडीचा संशय घ्यायचा. संशयच, वयानेही तसं होतं.

लेकीची आवड खरी की नीटपासूनची पळवाट, हे घरीच तपासता येईल. मटणवाल्याकडून बकऱ्याचे चार पाये आणा, मंद आचेवर मांस सुटेपर्यंत शिजवा. ब्लीच नको, हाड भुसभुशीत होतं. नळीच्या खालच्या टोकाचे दोन गोल गड्डे टोपीसारखे सुटून आले, तर बकरा साधारण दोन वर्षांच्या आतला. घट्ट चिकटलेले असतील, तर त्याहून मोठा. प्रत्येक हाडाचं चित्र काढायचं, माप घ्यायचं, सुरीच्या खुणा शोधायच्या. असे चार रविवार. तिसऱ्यालाच कंटाळली तर बरंच झालं, आत्ताच कळलं.

टिकली, तर वाट सरळ आहे: प्राणिशास्त्रात बीएस्सी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए, पुढे नेट (नीट नव्हे!) आणि पीएचडी. नोकऱ्या मोजक्या, हे तुमचं बरोबर आहे. म्हणून बीएस्सी सोडू नका. शिक्षकी, म्युझियम, लॅब असे दुसरे दरवाजे त्यावर उघडे राहतात.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या.