क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य: दोन्हींत ‘क्रम’ आहे, पण वेगळा

प्रश्न असा आहे: ‘बेरीज क्रमनिरपेक्ष आहे म्हटल्यावर कोणत्याही क्रमाने बेरीज करा, उत्तर तेच येणार. मग साहचर्य हा वेगळा गुणधर्म कशाला?’

माझ्या मते हा सगळा घोळ ‘क्रम’ या शब्दाचा आहे. आपण तो दोन अर्थांनी वापरतो. संख्या कशा ओळीने लिहिल्या आहेत, हा एक क्रम. कोणती क्रिया आधी करायची, हा दुसरा. क्रमनिरपेक्षतेतला क्रम पहिला: ३ + ५ आणि ५ + ३. साहचर्यात संख्या जागच्या हलत नाहीत, फक्त कंस सरकतो: (२ + ३) + ५ आणि २ + (३ + ५). मधल्या तीनने आधी दोनची सोबत करायची की पाचाची, एवढाच प्रश्न. सहचर म्हणजे सोबत चालणारा, त्यावरून साहचर्य. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

बेरीज-गुणाकारात दोन्ही गुणधर्म एकत्र नांदतात, म्हणून ते वेगळे दिसत नाहीत. २५ × १७ × ४ तोंडी करताना आपण झटकन १७०० म्हणतो. त्यात १७ आणि ४ यांची अदलाबदल झाली, ही क्रमनिरपेक्षता. मग २५ आणि ४ एका कंसात आले, हे साहचर्य.

फारकत पाहायची तर अशी क्रिया घ्यावी जिच्यात एकच गुणधर्म आहे. दोन संख्यांची सरासरी घ्या. २ आणि ४ यांची सरासरी कोणत्याही बाजूने ३च. पण त्या ३ची ८शी सरासरी काढली तर ५.५ येते, आधी ४ आणि ८ यांची काढून (६) मग तिची २शी काढली तर ४. क्रमनिरपेक्षता आहे, साहचर्य नाही. उलट उदाहरण अक्षरे जोडण्याचे. जल, तरण, पटू यांतली कोणतीही शेजारची जोडी आधी जोडा, ‘जलतरणपटू’च होणार; पण ‘तरण’ पुढे आणि ‘जल’ मागे घेतले की शब्द गेला. आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनने १८४३ साली शोधलेल्या चतुर्दलांचा (क्वाटर्निअन, म्हणजे चार घटकांनी बनलेल्या संख्यांचा) गुणाकारही असाच आहे: साहचर्य आहे, क्रमनिरपेक्षता नाही.

वजाबाकीत दोन्ही नाहीत. (१० − ४) − ३ = ३, तर १० − (४ − ३) = ९. म्हणून कंस नसला की डावीकडून उजवीकडे जायचे, हा संकेत तिथे पाळावाच लागतो. भागाकाराचेही तेच.

वापराबद्दल एक आग्रह. ‘पूर्णांक क्रमनिरपेक्ष आहेत’ असे लिहू नये. गुणधर्म क्रियेचा आहे, म्हणून ‘पूर्णांकांची बेरीज क्रमनिरपेक्ष आहे’ असे लिहावे. आणि ‘साहचर्य’ हे नाम आहे, विशेषण नाही. ‘बेरीज साहचर्य आहे’ हे चूक, ‘बेरजेला साहचर्याचा गुणधर्म आहे’ हे बरोबर.